टोमॅटोचा उतारा

बारामतीच्या उन्हात दोरीवर टाकलेली चादर आत जाऊन चहा पिऊन येईपर्यंत वाळते. अशा गावात राहून आमच्या ह्यांनी वाळवायचं मशीन विकत घेतलं. तेही विजेवर चालणारं, आणि मला न विचारता. खोकं दारात आलं तेव्हा शेजारच्या काकू नळावर पाणी भरत होत्या. त्यांनी खोकं आणणाऱ्यालाच विचारलं, "काय हाय ह्यात?" तो म्हणाला, "डिहायड्रेटर." काकूंनी नळ तसाच चालू ठेवला आणि लगबगीने माझ्याकडं आल्या. "कुणाला झालं ओ डिहायड्रेशन? साहेबांना? अवो, सलाईन लावायचं सोडून मशीन घरी कशाला आणलं?"

मी त्यांना सांगितलं की हे मशीन डिहायड्रेशन बरं करत नाही, उलट करतं. आणि माणसाला नाही, टोमॅटोला. काकूंनी वर आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "आनि मग ऊन काय करतंय?" एवढं विचारून त्या नळ बंद करायला गेल्या. प्रश्न मलाही पडलेला होता. मी तो ह्यांना विचारला. तर म्हणाले, "उन्हाला टेंपरेचर कंट्रोल आहे का?" वर धूळ, मुंग्या, चिमण्या आणि उसाच्या हंगामात उडून येणारी काजळी, अशी यादीही ऐकवली. जन्मभर ती काजळी अंगाखांद्यावर घेऊन घरी येणारा माणूस तिच्याविषयी तक्रार करत होता, हीच मोठी गंमत होती.

ह्यांची नोकरी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. उसाच्या रसात साखर किती ते शोधायचं आणि 'आजचा उतारा इतका' असं सांगायचं, हे काम. शंभर किलो ऊस गाळला की साखर किती किलो हाती आली, तो उतारा. आमच्या भागात पाऊस किती झाला हे एखाद्याला ठाऊक नसलं तरी चालतं, पण कारखान्याचा उतारा किती ते चहाच्या टपरीवर बसलेल्यालाही ठाऊक असावं लागतं. निवृत्त झाल्यावर ह्यांचा कारखाना सुटला, उतारा काही सुटला नाही. दूध आटवून बासुंदी केली की हे विचारणार, "उतारा किती पडला?" शेंगा फोडायला बसले की दाण्यांचा उतारा. एकदा माझ्या माहेरची माणसं दुपारभर बोलून गेली, तर दार लावता लावता म्हणाले, "गाळप भरपूर, उतारा काही नाही."

मी प्राथमिक शाळेतली बाई. कळंबच्या शाळेत माझी बरीच वर्षं गेली. माझ्या लेखी उतारा म्हणजे 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.' माझ्या दिरांच्या लेखी उतारा म्हणजे सातबारा. दिवाळीला सगळे एकत्र जमलो आणि कुणी नुसतं 'उतारा' म्हटलं, की तिघंही आपापल्या परीने कान टवकारतो. आणि चौथा एक उतारा असतो, तो घरात कुणी उच्चारत नाही. दृष्ट लागलेल्या माणसावरून भात, लिंबू, कुंकू ओवाळून तिन्हीसांजेला तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, नेऊन टाकतात, तो. त्यावर ज्याचा पाय पडेल त्याला ते सगळं लागतं म्हणतात. आम्ही शिकलेली माणसं असलं काही मानत नाही. मीही मानत नाही. रस्त्यात दिसला तर फक्त जरा लांबून जाते.

मशीन घरात आलं ते लेकीच्या डोहाळ्यांपायी. आमची एकुलती एक लेक अंथुर्ण्याला दिलेली. जावई बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, रोज ये-जा करणारे. लेकीला दिवस गेले आणि तिचं अन्न तुटलं. सुरुवातीला सगळ्याच बायकांचं तसं होतं म्हणून आम्ही गप्प होतो, पण तिचं थांबेचना. फोडणीचा वास आला की उलटी, दुधाचा वास आला की उलटी, सासूने मायेने भातावर तूप वाढलं तर ताटावरूनच उठायची. आंबट तेवढं मागायची. चिंचेनं घसा धरला. लोणचं डॉक्टरांनी बंद केलं, पायांवर सूज होती म्हणून. कच्चा टोमॅटो चिरून खाल्ला तर त्यातल्या पाण्याने पोटात ढवळायचं. एक दिवस फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "आई, टोमॅटोतलं पाणी काढून नुसता आंबटपणा ठेवता आला, तर मला जाईल गं." मी आपली "बघू" म्हणाले, जसं आया म्हणतात. पण फोन स्पीकरवर होता आणि हे शेजारी बसलेले. पाणी काढून टाकायचं आणि कामाचं तेवढं हाती ठेवायचं, ह्यापलीकडं ह्या माणसाने आयुष्यात केलंय काय! दोन दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून बसले आणि मग ते खोकं दारात आलं.

पण लेकीच्या उलट्यांहून मला दुसरीच काळजी होती. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातवा लागला, ओटी भरली, सगळं रीतीप्रमाणं झालं, पण आमच्या विहीणबाई लेकीला पाठवायचं नाव काढेनात. विषय काढला की म्हणायच्या, "बघू की, घाई काय हाय?" कधी डॉक्टर इंदापूरचे, नाव तिकडंच घातलंय. कधी, "तुमी दोघंच म्हातारी-कोतारी, येळंला गाडी कोन काढनार?" आम्ही दोघं म्हातारी-कोतारी असू, पण त्या माझ्याहून थोरल्या आहेत हे मी बोलले नाही. बाई कितीही शिकली, हेडबाई म्हणून निवृत्त झाली, तरी मुलीच्या सासूपुढं तिला बाकावर उभं राहावंच लागतं. मी रोज लेकीची खोली झाडत होते. पलंग खिडकीखाली सरकवला, वारं लागेल म्हणून भिंतीकडं सरकवला, उकडेल म्हणून परत खिडकीखाली आणला. मला माझी लेक घरी हवी होती. एवढी एकच गोष्ट हवी होती, आणि ती सोडून बाकी सगळं आम्ही फोनवर बोलत होतो.

तर टोमॅटो. ह्यांनी मंडईतून लालबुंद, घट्ट टोमॅटो आणले आणि माझा ओटा ताब्यात घेतला. माझी विळी नाकारली. चाकूला धार लावून आणली. चकत्या सारख्या जाडीच्या हव्यात म्हणून कुठूनशी माझी शाळेतली पट्टी शोधून काढली आणि टोमॅटोला लावली. मी दारात उभी राहून म्हटलं, "मार्जिन सोडा डाव्या बाजूला." त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असावं.

पहिला घाणा फार पातळ झाला. 'घाणा' हाही ह्यांचा कारखान्याकडचाच शब्द. चकत्या जाळीला अशा चिकटल्या की निघता निघेनात. उलथण्याने खरवडल्यावर हाती आला तो लाल भुगा. मी तो आमटीत टाकला, आमटी छान झाली, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. दुसरा घाणा जाड. वरून वाळला, आत ओला. बरणीत भरून ठेवला तर सकाळी बरणीला आतून घाम. ह्यांनी बरणी उजेडाकडं धरून असं तोंड केलं, जणू कारखान्याची चिमणीच बंद पडली. मधेच दोन वेळा लाईट गेली. मशीन बंद पडलं की हे ताट-जाळ्या उचलून गच्चीवर उन्हात नेऊन ठेवत, आणि शेजारच्या काकू आपल्या गच्चीतून बघत. नुसत्या आपल्या कुरडया उलटून टाकत.

तिसरा घाणा जमला. चकत्या एकमेकींना लागणार नाहीत अशा ठेवलेल्या, रंग टिकावा म्हणून वर लिंबू पिळलेलं, मीठ मात्र कणभरही नाही. ना कडकडीत, ना ओलसर. वाकवली की वाकणारी, तोंडात घातली की आधी काहीच नाही आणि मग एकदम आंबटगोड. मी दुसरी मागितली नाही, पण ह्यांचं लक्ष नसताना घेतली. हे तराजू घेऊन बसले. "पाच किलोचे पाव किलो. उतारा पाच!" उसाला दहा-अकरा पडतो; एवढाच पडला असता तर ह्यांना कुणी नोकरीवर ठेवलं नसतं. पण आज ह्यांचा चेहरा असा फुललेला, की ओट्यावर सांडलेल्या बिया आणि सिंकमध्ये साचलेल्या जाळ्या मी मुकाट्याने धुतल्या. निवृत्तीनंतर हा माणूस इतक्या खुशीत मी पहिल्यांदाच बघत होते.

आणि त्या खुशीत त्यांनी फोन लावला. लेकीचा फोन चार्जिंगला होता म्हणून विहीणबाईंनी उचलला. मी आत जाळ्या पुसत होते, तिथून मला ह्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. फोनवर हे आवाज चढवूनच बोलतात, कारखान्यातली सवय.

"इनबाई, उतारा काढलाय! पोरीसाठीच काढलाय. लालभडक हाय. वर लिंबू पिळलंय. उद्या सकाळी तुमच्या दारात आणून टाकतो!"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग फोन बंद झाला. हे आत येऊन म्हणाले, "फार खुश झाल्या. बोलायला शब्द सुटेना."

मी जाळी पुसायची थांबले. ह्यांचं वाक्य मनात पुन्हा एकदा वाचलं. शाळेत मी मुलांना शिकवत असे की शब्दाचा अर्थ वाक्यावरून घ्यावा. विहीणबाईंनी तो अगदी वाक्यावरूनच घेतला असणार. पोरीवरून काढलेला, लाल, लिंबाचा, आणि दारात आणून टाकायचा! मी ह्यांना नीट सांगेपर्यंत लेकीचाच फोन आला. सासूला ती आत्या म्हणते; दबक्या आवाजात म्हणाली, "आई, पप्पा काय बोललेत? आत्या उंबऱ्याला लिंबू-मिरची बांधतायत. मला मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. म्हणतायत, असल्या घरी मी सून पाठवायची न्हाय."

'असल्या घरी.' मी ह्यांच्याकडं वळले आणि जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटचं वाक्य एवढंच होतं, की जगात दुसरा शब्द नव्हता का, 'वाळलेले टोमॅटो' म्हणायला जीभ झिजली असती का? हे गोंधळून गेले. "पण उतारा म्हणजे उताराच की," म्हणाले. त्यांच्या डोक्यात दुसरा अर्थ शिरायलाच जागा नव्हती. शिरला तेव्हा मटकन खुर्चीत बसले. विहीणबाईंना फोन लावला, त्या उचलेनात. लेकीला लावला, तिचा बंद. ध चा मा म्हणतात तो आमच्या घरात एका मशीनपायी झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. बरणी मी घरीच ठेवणार होते, पण ह्यांनी पिशवीत घातली. "गुन्हा नाही केलेला," म्हणाले. इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. प्रत्येक ट्रॅक्टरवर मोठमोठे कर्णे, आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. मला वाटेत विहीणबाईंशी काय बोलायचं ते मनात जुळवायचं होतं, पण एक वाक्य जुळलं की पुढचा ट्रॅक्टर यायचा. हे काच खाली करून ट्रॉलीतला ऊस न्याहाळत होते. एकदा म्हणाले, "वाळलाय. तोडून दोन दिवस झालेत." मी म्हटलं, "आज तो शब्द काढू नका." "कुठला?" "कुठलाच."

अंथुर्ण्यात पोचलो तर उंबऱ्याला ताजं लिंबू आणि हिरव्यागार मिरच्या. विहीणबाई दारातच होत्या. पदर खोचलेला. "या" म्हणाल्या, पण नजर पिशवीवर. "ती पिशवी तितंच ऱ्हाऊ द्या, धोंड्यावर. आत न्हाय आनायची." ह्यांनी कपडे धुवायच्या धोंड्यावर पिशवी ठेवली.

"पाव्हणं," विहीणबाई ह्यांना म्हणाल्या, "तुमच्या घरचं काय असंल ते तुमच्या तिकाटण्यावर टाकायचं. माझ्या सुनंच्या पोटात जीव हाय. हितं कशाला आनलं?"

"अवो इनबाई, तसला उतारा न्हाय तो!" ह्यांनी हात जोडले. "उतारा म्हणजे रिकव्हरी!"

"रिकव्हरी? म्हंजे बँकेची?"

आता ह्यावर हसावं की रडावं! पण एवढ्यात ओसरीवरच्या खाटेवरून व्याही उठून बसले. इतका वेळ ते पेपर तोंडावर घेऊन पडले होते. पाच एकर उसाचे धनी. "रिकव्हरी व्हय?" ते म्हणाले. "अवो, कारखान्याचा उतारा म्हना की! बरं झालं तुमी आला. मला इचारायचंच व्हतं. आमचा ऊस असा काठीसारखा, गोड गूळ, आन दर साली उतारा कमी कसा दावता तुमी लोक?" हे क्षणभर माफी मागायचं विसरले. "पाव्हणं, तोडणीला उशीर झाला तर रिकव्हरी पडणारच." "उशीर कुनी केला? आमी?" "मग आमी?" खाट सरकली, हे तिच्यावर बसले, आणि दोघांचं असं काही जुंपलं की आम्ही तिथं कशासाठी आलोय ते फक्त आम्हा बायकांच्या लक्षात राहिलं.

विहीणबाई आणि मी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या. तेवढ्यात लेक बाहेर आली. डोळे खोल गेलेले, हात काडीसारखे, आणि पुढं ते पोट. चार पावलं टाकायची तर कमरेला हात. तिला बघून मला जे वाटलं ते कुठल्याही आईला विचारावं. ती माझ्याकडं बघून हसली आणि सरळ धोंड्यापाशी गेली. पिशवीतली बरणी काढली, झाकण फिरवलं, एक चकती तोंडात टाकली.

"अगं, थांब!" विहीणबाई ओरडल्या. लेकीने दुसरी टाकली. मग तिसरी. ओसरीवरचं भांडण थांबलं. सगळे तिच्या तोंडाकडं बघायला लागले, कारण आता काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं. तिनं तोंडावर हात ठेवला की विहीणबाईंनी चूळ भरायचा तांब्या पुढं करायचा, असा तिथला रोजचा रिवाज. तांब्या तर त्यांच्या हातात आलासुद्धा होता. लेक चावत राहिली. गिळलं. बरणीत बघितलं, आणखी एक उचलली. व्याह्यांनी हात लांब करून एक मागून घेतली, तोंडात टाकली, डोळा बारीक केला. "आंबट हाय लेका. झ्याक हाय." आम्ही वाट बघत उभे. काही झालं नाही.

"आत्या," लेक सासूला म्हणाली, "भूक लागलीय. भाकरी हाय का?"

विहीणबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. किती आठवडे त्या हा प्रश्न ऐकायला टपून बसल्या असतील, कोण जाणे. आम्हा सगळ्यांना तिथंच सोडून त्या आत गेल्या, आणि आतून परात ओढल्याचा आवाज आला. मी त्यांच्या मागोमाग गेले. कुणी बोलावलं नव्हतं.

चूल नव्हती, गॅसच होता, पण भाकरी त्या खाली बसूनच थापायच्या. मी पलीकडं पाट ओढून बसले. पहिली भाकरी तव्यावर पडली. बाहेर पुन्हा तोडणी आणि टक्केवारी सुरू झाली होती. लेकीचं हसणंही त्यात ऐकू आलं. विहीणबाईंनी हाताला पीठ घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "घिऊन जावा तिला."

मला वाटलं होतं हे शब्द ऐकले की मी नाचायचीच बाकी राहीन. पण मी नुसती "हो" म्हणाले.

"पयल्यांदा घाबरले, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "मग सुनंनं मशीनचं सांगितलं, टोमॅटोचं सांगितलं. तवर लिंबू बांधून झालं व्हतं. म्हनलं, ऱ्हाऊ दे. बरं निमित्त गावलंय."

"कशाचं निमित्त?"

त्यांनी भाकरी उलटली. "न पाठवायचं. तुमी मागताय आनि मी टोलवतीय, मला का कळंना? पर मला दोन्ही पोरगंच, इनबाई. लेक न्हाय. माझी बाळातपनं म्हायेरी झाली, जावंची तिच्या म्हायेरी झाली. हितं लेकरू येतंय ते सव्वा महिन्याचं व्हऊन, टोपडं घालून. मी बारसं करती, पेढं वाटती. पर माझी दोन सोडली तर पयल्या दिवसाचं लेकरू ह्या हातात कंदी आलं न्हाय. धाकटी सून यील, तिला बी तिची आई हायच की. वाटलं, ही एक तरी हितं ऱ्हाईल." मग पदराने कपाळ पुसलं. "पर तुमच्या मानसानं आनलेलं तिला पचलं. तुमच्याकडं खाईल ती. घिऊन जावा."

इतके दिवस मी ह्या बाईला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! कजाग म्हटलं, आडमुठी म्हटलं. त्यांनाही तेच एक हवं होतं, जे मला हवं होतं. आणि मला ते केवळ मी लेकीची आई म्हणून मिळणार होतं, ह्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी ताट पुढं केलं, त्यांनी त्यात भाकरी टाकली, मी ती बाहेर लेकीला नेऊन दिली आणि परत येऊन बसले.

तेवढ्यात त्या हात धुऊन आतल्या खोलीत जाऊन आल्या होत्या. माझ्या पुढ्यात त्यांनी एक गाठोडं ठेवलं आणि सोडून दाखवलं. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, लंगोट, दोन झबली. बाळाला टोचू नयेत म्हणून लुगड्यांचे काठ सगळे काढून टाकलेले. कापड धुऊन धुऊन इतकं मऊ केलेलं की हाताला लागू नये. हे काही एका रात्रीत झालेलं काम नव्हतं. दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासूनच त्या बसल्या असणार.

"ह्ये बी न्या," त्या म्हणाल्या. "तितं लागंल."

माझ्या घरी कपाटात असंच एक गाठोडं तयार होतं. मी ते सांगितलं नाही. मी त्यांच्या गाठोड्याची चारी टोकं गोळा केली आणि ते त्यांच्याकडंच सरकवलं.

"हे मी न्हाय न्यायची," मी म्हटलं. "हे तुमीच घेऊन या. तिच्याबरोबर. आन बाळ आधी तुमच्या हातात पडंल, मग आमच्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज तोच खडा. "विहिणीच्या घरी विहीण ऱ्हाती व्हय? लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती काढून त्यांनी बाजूला ठेवली, गॅस बारीक केला. मग विचारलं, "डिंकाचं लाडू कोन करतंय तुमच्याकडं?"

"मीच."

"कसं व्हत्यात?"

"कडक," मी खरं ते सांगितलं. "दर खेपेला पाक चुकतो."

त्यांनी गाठोडं मांडीवर ओढलं आणि त्याची गाठ दातात धरून करकचून आवळली.

"मग मलाच यावं लागंल," त्या म्हणाल्या.